छायाचित्रावरचा अभिप्राय : मोरा बंदराच्या धक्क्यावरून

छायाचित्रावरचा अभिप्राय म्हणजे, चित्रात काय दिसते, ते तसे कशामुळे दिसते आणि घेणाऱ्याला जे दाखवायचे होते ते पाहणाऱ्यापर्यंत कितपत पोहोचते, याविषयी दुसऱ्या छायाचित्रकाराने केलेले सकारण निवेदन होय. या व्याख्येतील ‘सकारण’ हा शब्द वगळला, तर अभिप्राय आणि त्याच्या शेजारी वावरणारे दाद, शेरा व निकाल हे तीन शब्द एकमेकांत मिसळून जातात. दाद ही उत्स्फूर्त असते आणि गाण्याच्या बैठकीत ती जशी कारण न देता दिली जाते तशीच छायाचित्रालाही दिली जाते. शेरा हा शाळेच्या वहीतल्या तांबड्या शाईसारखा, दोन शब्दांत चूक दाखवून मोकळा होणारा. आणि निकाल हा स्पर्धेत लागतो, त्याला कारण देण्याची सक्ती नसते. या तिन्हींना आपापली जागा आहे, मात्र पुढचे चित्र अधिक चांगले कसे घ्यावे हे यांपैकी कशातूनही शिकता येत नाही, आणि छायाचित्रकारांच्या बहुतेक मंडळांत घडते ते असे की दाद भरपूर मिळते, निकाल अधूनमधून लागतात आणि अभिप्राय मात्र क्वचितच ऐकू येतो.

हा फरक समजून घेण्यासाठी उरण तालुक्यातील मोरा बंदर ही सोयीची जागा आहे. उरण हा ब्रिटिश अमदानीत पनवेल तालुक्याचा पेटा होता, आणि मोरा हे त्याचे मुंबईकडे तोंड करून बसलेले बंदर; भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच येथेच लागते. धक्क्यावर उभे राहिले असता उत्तरेला पाण्यापलीकडे घारापुरीच्या टेकड्या, ईशान्येला न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन, पश्चिमेला मुंबईच्या इमारतींची रांग आणि पायाशी कोळीवाड्याच्या होड्या दिसतात. छायाचित्रकाराला लागणारे बरेच काही येथे एका नजरेत सामावते, आणि म्हणूनच येथे येणारे चौघे-पाचजण एकाच ठिकाणी उभे राहून जवळजवळ एकच चित्र घेऊन परततात. एकाच विषयावरची अशी पाच चित्रे शेजारी शेजारी ठेवली की अभिप्रायाचे निम्मे काम आपोआप होते, कारण विषय, स्थळ आणि प्रकाश समान असल्यामुळे उरलेला फरक हा केवळ छायाचित्रकाराच्या निर्णयाचा असतो.

छायाचित्रकारांनी एकत्र बसून एकमेकांचे काम पाहण्याची प्रथा या किनाऱ्याला नवी नाही. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था उभी राहिली. कॅप्टन हॅरी बार हे तिचे पहिले अध्यक्ष होते आणि १८५५ पासून संस्थेचे स्वतंत्र नियतकालिक निघू लागले. गोव्यातील मांद्रे गावच्या लाड घराण्यातील डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही या संस्थेत होते. नारायण दाजी तर तिच्या कार्यकारी मंडळावर होते आणि संस्थेच्या प्रदर्शनांत आपली छायाचित्रे मांडत होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा व्यावसायिक छायाचित्रकार तयार झाला. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक चालवले, ज्याच्या अंकांत छापील ठशांऐवजी प्रत्यक्ष छायाचित्रांच्या प्रती चिकटवलेल्या असत.

त्या काळात सहकाऱ्याच्या मताची गरज मुख्यतः रसायनाची होती. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर चिकट द्रावणाचा थर द्यावा लागे, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावे लागे आणि सुकण्यापूर्वीच धुवावे लागे. या साऱ्याला थंड हवेतही दहा-पंधरा मिनिटेच मिळत, मग मुंबईच्या उन्हाळ्यात तर थर तेवढा वेळही ओला राहत नसे. डाग का पडला, थर का सोलला, कडेला धुके का आले, हे प्रश्न एकट्याने सुटणारे नव्हते, आणि म्हणून सभेत एकमेकांच्या काचा व कागद तपासणे ही चैन नसून निकड होती. या इतिहासाचा एक परिणाम असा झाला की छायाचित्रावर बोलणे म्हणजे त्यातील तांत्रिक दोष काढणे ही समजूत या कलेच्या जन्मापासूनच रुजली, आणि रसायन जाऊन संगणक आला तरी ती टिकून राहिली; पूर्वी डाग शोधला जाई, आता चित्र मोठे करून कडा किती ठसठशीत आहेत हे पाहिले जाते.

ही समजूत किती अपुरी आहे याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. कलकत्त्यात जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरन यांची १८६० च्या दशकातील व्यक्तिचित्रे तत्कालीन इंग्रज छायाचित्रकारांना अस्पष्ट आणि गबाळी वाटली. आज ती जगातील मोठ्या संग्रहालयांत आहेत. अमेरिकेतील आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी फेब्रुवारी १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या हिमवादळात तीन तास उभे राहून घोडागाडीचे चित्र टिपले, आणि त्यांनी स्वतः पुढे सांगितल्याप्रमाणे, त्याची ओली काच छायाचित्रकारांच्या संस्थेतील सहकाऱ्यांना दाखवली तेव्हा ती अस्पष्ट आहे, फेकून द्यावी, असा सल्ला मिळाला. त्यांनी ती फेकली नाही. चित्राचा नको असलेला भाग कापून, म्हणजे ज्याला आज सर्रास ‘क्रॉप’ म्हणतात ते करून, पडद्यावर दाखवण्याची काच बनवली, आणि त्याच मंडळींनी तिची वाखाणणी केली. सहकाऱ्यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते, काच खरोखरच अस्पष्ट होती. चूक होती ती निरीक्षणावरून थेट निकालावर उडी घेण्यात, कारण वादळातील अस्पष्टता हा दोष आहे की आशय, हा मधला प्रश्न कुणी विचारलाच नाही.

हा मधला प्रश्न विचारला जावा यासाठी कलासमीक्षेत एक क्रम सुचवला जातो. अमेरिकन कलाशिक्षक एडमंड फेल्डमन यांनी तो चार पायऱ्यांत मांडला : आधी वर्णन, मग विश्लेषण, मग अर्थ आणि सर्वांत शेवटी मूल्यमापन. मराठी शाळांत कवितेचे रसग्रहण लिहून घेतले जाते तेव्हा साधारण हाच क्रम अपेक्षित असतो, म्हणजे तो मराठी वाचकाला परका नाही. केवळ छायाचित्रासमोर उभे राहिल्यावर तो विसरला जातो, कारण छायाचित्र क्षणात दिसते आणि क्षणात दिसलेले क्षणात कळले असे वाटते.

समजा, मोरा धक्क्यावर संध्याकाळी घेतलेले एक चित्र पुढे आले. ओहोटीने उघडा पडलेला चिखल, त्यात कलंडलेली होडी, होडीपाशी वाकून जाळे आवरणारा कोळी, मागे मुंबईच्या इमारतींची धूसर रांग आणि वर तांबूस आभाळ. ‘रंग झकास आलेत’ ही दाद झाली आणि ‘माणूस नीट दिसत नाही’ हा शेरा झाला. अभिप्राय देणारा प्रथम वर्णन करील, की डोळा आधी आभाळाकडे जातो, तेथून इमारतींवर येतो आणि माणसापाशी सर्वांत शेवटी पोहोचतो. मग विश्लेषण येईल : चित्राचा सर्वांत उजळ भाग आभाळात आहे, माणसाचे काळे शरीर होडीच्या काळ्या बाजूवर पडल्यामुळे दोन्हींची एकच आकृती झाली आहे, आणि जाळे त्याच काळोखात बुडाल्यामुळे तो काम करतो आहे की नुसता वाकला आहे हे उमगत नाही. यानंतर अर्थाचा प्रश्न येतो, आणि येथे घेणाऱ्याला विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्याला संध्याकाळच्या आभाळाचे चित्र हवे होते, तर माणूस हा तपशील ठरतो आणि चित्र जमले आहे. त्याला कोळ्याच्या कामाचे चित्र हवे होते, तर ते हातून निसटले आहे. आता मूल्यमापनाला अर्थ येतो आणि त्याच्याबरोबर उपायही सुचतो, की दोन पावले डावीकडे सरकले असते तर माणसामागे होडीऐवजी चिखलावर चमकणारे पाणी आले असते, आणि त्या चकाकीवर त्याच्या हातांची व जाळ्याची रेघ स्वच्छ उमटली असती. आभाळाचा उजेड बेताचा राखण्यासाठी ‘एक्स्पोजर’, म्हणजे संवेदकावर पडू द्यायच्या प्रकाशाचे प्रमाण, थोडे घटवले तरी चालले असते, कारण आकृती काळीच ठेवायची होती. अशा अभिप्रायाला चार मिनिटे लागतात, आणि एका बैठकीत चाळीस चित्रे पाहण्याचा हव्यास धरला तर तो देता येत नाही, हे मंडळे चालवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

याच चित्राच्या धन्याला मात्र त्यात वेगळेच काही दिसत असते. त्याला आठवतो तो गुडघाभर चिखल, पाणी उतरल्यामुळे बंद झालेली लाँच, उरणहून रस्त्याने परतताना झालेली रात्र आणि त्या कोळ्याशी झालेल्या गप्पा; हे सारे त्याच्या लेखी चित्रात आहे, पण कागदावर त्यातले काहीच उतरलेले नाही. छायाचित्रकाराला आपल्या चित्राचा परीक्षक होणे अवघड जाते ते मुख्यतः या आठवणीमुळे, आणि सहकाऱ्याचा खरा उपयोग हा की त्याच्यापाशी ती आठवण नसते. म्हणून चित्र दाखवताना आधी त्याची कहाणी सांगणे हे स्वतःचेच नुकसान करणे होय, कारण कहाणी ऐकलेला सहकारी त्या क्षणापासून निरुपयोगी होतो. आँरी कार्तिए-ब्रेसाँ दुसऱ्यांची छायाचित्रे उलटी धरून पाहत असत असे सांगितले जाते. त्यामागचा हेतूही हाच, की विषय ओळखू येईनासा झाला म्हणजे आकारांची मांडणी तेवढी उरते. ही युक्ती फुकटची असून मोबाइलवरही करता येते.

अभिप्राय कशाविषयी असावा याबद्दल मानसशास्त्रातील एक निष्कर्ष येथे उपयोगी पडतो. अब्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ मध्ये, कामाबद्दल दिलेल्या प्रतिसादाचा कामगिरीवर काय परिणाम होतो या विषयावरील पूर्वीच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, ज्यात ६०७ मापने होती. सरासरीने प्रतिसादामुळे कामगिरी सुधारते असे दिसले खरे, पण एक तृतीयांशाहून अधिक मापनांत ती खालावली होती, आणि लक्ष कामावरून सरकून माणसाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेवर गेले की प्रतिसादाचा गुण उणावतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा अभ्यास छायाचित्रणाचा नव्हता, तरी त्याचा रोख ओळखीचा वाटावा असा आहे. ‘तुझा डोळाच वेगळा’ ही स्तुती आणि ‘तुला उजेड कळत नाही’ ही निंदा, दोन्ही माणसाविषयी आहेत आणि दोन्हींतून चित्राबद्दल शून्य माहिती मिळते. पहिली गोड लागते एवढाच फरक. स्तुतीसुद्धा सकारण असावी लागते, कारण नेमके काय साधले हे कळले नाही तर ते पुन्हा साधता येत नाही.

नियमांवर बोट ठेवून दिलेला अभिप्राय हा आणखी एक सोपा मार्ग. चौकटीचे उभे-आडवे तीन समान भाग पाडून महत्त्वाची गोष्ट त्या रेषांवर ठेवावी, हा तृतीयांशाचा नियम मंडळांत इतक्या वेळा उच्चारला जातो की तो कॅमेऱ्याबरोबरच जन्मला असे वाटावे. वास्तविक हा शब्दप्रयोग जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांच्या संदर्भात केला, म्हणजे १८३९ मध्ये छायाचित्रण जगापुढे येण्याच्या बेचाळीस वर्षे आधी. मोरा धक्क्यावरून घारापुरी टिपताना क्षितिज मध्यावर आले तर अनेक सदस्य ताबडतोब हरकत घेतात, पण पाणी स्तब्ध असून टेकडीचे प्रतिबिंब पूर्ण पडले असेल तर क्षितिज मध्यावरच शोभते, कारण तेथे वरचे आणि खालचे सारखेच मोलाचे असते. नियम मोडला एवढे सांगून भागत नाही. मोडल्याने चित्राचे काय बिघडले हे दाखवता आले पाहिजे, आणि दाखवता येत नसेल तर बहुधा काही बिघडलेले नसते.

स्पर्धांनी या सोप्या मार्गाला बळ दिले आहे. इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ फोटोग्राफिक आर्ट, जी ‘फियाप’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते, ती १९५० मध्ये स्थापन झाली, आणि तिच्याशी संलग्न असलेले फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ मध्ये. त्यांच्या मान्यतेने भरणाऱ्या स्पर्धात्मक प्रदर्शनांना ‘सलोन’ म्हणतात. परीक्षक प्रत्येक चित्र काही सेकंद पाहून गुण देतात, आणि किती देशांतील किती सलोनांत किती चित्रे स्वीकारली गेली या मोजणीवर छायाचित्रकाराला नावापुढे लावायच्या पदव्या मिळतात. या व्यवस्थेने गावोगावच्या हौशी छायाचित्रकारांना जगाशी जोडले हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. तिचा दुष्परिणाम असा की अभिप्राय मागणारा ‘हे सलोनला चालेल का’ असे विचारू लागतो आणि देणाराही परीक्षकाच्या काही सेकंदांचा अंदाज बांधू लागतो. मग हळूहळू चिखलातील होडी, वलांडीवर वाळणारे बोंबील आणि पाठमोरी कोळीण ही चित्रे ठरावीक साच्यातली होऊन जातात.

मराठी मंडळांत आणखी एक अडचण आहे, ती वडीलधारेपणाची. ज्येष्ठ सदस्याला ‘सर’ किंवा ‘दादा’ म्हटले जाते, ते योग्यच आहे, पण सर आधी बोलले की नंतर बोलणाऱ्या प्रत्येकाला सरांच्याच मताला शब्द शोधावे लागतात. लष्करी न्यायालयात सदस्यांची मते सर्वांत कनिष्ठापासून घ्यायला सुरुवात होते, ती याच कारणासाठी; छायाचित्रकारांच्या बैठकीनेही ही रीत उचलायला हरकत नाही.

घेणाऱ्याच्या बाजूला पहिली अवघड गोष्ट गप्प बसणे ही आहे. नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास कलाकृतीवरील चर्चेची एक पद्धत बसवली, जी आता अनेक कलांत वापरली जाते : प्रथम पाहणाऱ्यांनी आपल्याला काय भिडले ते सांगायचे, मग कलावंताने प्रश्न विचारायचे, मग पाहणाऱ्यांनी तटस्थ प्रश्न विचारायचे, आणि शेवटी कलावंताची संमती घेऊन मते मांडायची. संमती मागण्याची शेवटची पायरी घरोब्याच्या मंडळात काहीशी अवघडलेली वाटते, परंतु तटस्थ प्रश्नाची पायरी मोलाची आहे. ‘होडी मध्येच का ठेवली?’ हा प्रश्नाचे कपडे घातलेला शेरा झाला. ‘होडीची जागा ठरवताना काय मनात होते?’ हा प्रश्न झाला, आणि त्याचे उत्तर देताना छायाचित्रकाराला बहुधा स्वतःलाच कळते की मनात काहीच नव्हते. ज्याने काय ऐकायचे आहे ते आधी सांगितले, उदाहरणार्थ ‘माणूस कळतो का एवढेच पाहा’, त्याला त्याबद्दलच ऐकायला मिळते. सगळ्या सूचना मान्य करणाऱ्याचे चित्र पाचजणांच्या आवडीची खिचडी होते, आणि एकही मान्य न करणाऱ्याच्या बाबतीत नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण लागू पडते. तिघांनी स्वतंत्रपणे एकाच जागी बोट ठेवले, तर मात्र उपाय कोणताही सुचवलेला असो, त्या जागी काहीतरी अडते आहे हे नक्की समजावे.

चित्रात माणूस आला की अभिप्रायाला आणखी एक बाजू येते. मासळी निवडणाऱ्या बाईने छायाचित्राला हरकत घेतली होती का, तिला ते दाखवले होते का, हे विचारणे चर्चेबाहेरचे मानले जाते. ते तसे मानू नये. पक्ष्यांच्या बाबतीत ही जाण आता आली असून उरणच्या पाणथळींवर उतरणाऱ्या रोहितांना उडवून घेतलेले चित्र किंवा घरट्यालगतचे चित्र कितीही नेटके असले तरी जाणते सहकारी त्याचे कौतुक करत नाहीत. कोळीवाड्यातील माणसांना निदान तेवढी अदब मिळायला हवी.

मोरा बंदराचा सर्वांत मोठा फायदा असा की येथे अभिप्राय पडताळून पाहता येतो. लग्नाचे किंवा मोर्चाचे चित्र पुन्हा घेता येत नाही, पण समुद्र ठरल्या वेळी परत येतो. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, आणि त्यावरून कोकण किनाऱ्यावर एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे : तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, तेव्हा सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी चढलेले असते, जरी भांगाची भरती असल्याने ते उधाणाइतके वर येत नाही; पौर्णिमेला व अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि संध्याकाळी सहाला ओहोटी इतकी खोल जाते की धक्क्यापाशी चिखलच चिखल दिसतो. म्हणजे चिखलातील होडीचे वर सांगितलेले चित्र पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपासचे असणार, आणि पंधरा दिवसांनी तोच चिखल, तोच तास आणि थोडासाच सरकलेला सूर्य पुन्हा मिळणार. सहकाऱ्याने सुचवलेली दोन पावले डावीकडे खरोखर उपयोगाची होती की नाही, हे त्या दिवशी वाद न घालता ठरते. एखाद्या मंडळाने वर्षभर दर पंधरवड्याला हा प्रयोग केला आणि जुनी व नवी प्रत शेजारी ठेवून पाहिली, तर कोणाचे मत कशाबाबत ग्राह्य धरावे हेही सर्वांना कळून येईल.

ज्यांना हा प्रयोग करायचा असेल त्यांनी आपल्या जुन्या चित्राची कागदावर छापलेली प्रत बरोबर घ्यावी, कारण उन्हात मोबाइलचा पडदा काळा दिसतो. ओहोटीच्या संध्याकाळी लाँच बंद राहू शकते, तेव्हा परतीची वेळ भाऊच्या धक्क्यावर आधीच विचारून घ्यावी, किंवा सरळ उरणच्या रस्त्याने जावे.